खाडे धरूनच आखा: नव्या वर्षाचा आरोग्याचा संकल्प

आमच्या फ्रीजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशोब असतो. रोजचं दीड लिटर ठरलेलं. जास्त घेतलं तर तारखेच्या चौकोनात 'अर्धा जादा', आणि दूध आलंच नाही तर 'खाडा'. कामाच्या मावशींचे खाडे लाल पेनाने. सिलिंडर कधी लावला तेही तिथंच. महिनाअखेरीला सासूबाई चष्मा लावून त्या पानासमोर उभ्या राहतात, खाडे वजा करतात आणि पैसे बाजूला काढून ठेवतात. महिन्यात तीन खाडे झाले म्हणून दूधवाला बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

आता माझ्या संकल्पाचं ऐका. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातली सवलत बघून मी एका जिममध्ये अख्ख्या वर्षाचे पैसे भरले. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलाने इतक्या उठबशा काढायला लावल्या की पुढचे तीन दिवस डोंबिवली स्टेशनचा पूल मी कठडा धरून उतरत होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मी अकरा काढले. बाराव्या दिवशी मुलाला ताप आला, तेराव्या दिवशी ऑफिसात उशीर झाला, आणि मग 'आठवडा बुडालाच आहे, आता सोमवारपासून जाऊ' असं ठरलं. तो सोमवार काही आला नाही.

दूधवाल्याला माफ असलेले तीन खाडे मी स्वतःला माफ केले नव्हते. ज्यात खाड्याला जागा नाही तो संकल्प पहिल्या खाड्याला मोडतो. त्यानंतरची वर्षं मी आरोग्याचं ध्येय दुधाच्या हिशोबासारखं कालनिर्णयावरच लिहिते आहे आणि ते बऱ्यापैकी टिकतंय. पहिल्यांदाच असं काही ठरवायला बसला असाल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. लागणार काय, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एखादा निवांत तास, शिंप्याकडे असते तशी मोजायची टेप, पेन आणि नवं कॅलेंडर.

पायरी १: आधी मोजून घ्या

'तब्येत सुधारायची' म्हणजे कुठून कुठे, हे आधी माहीत पाहिजे. बहुतेक लोक थेट वजनकाट्यावर चढतात. वजन बघाच, पण पहिल्यांदा पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी ठेवण फार, आणि त्या पोटातल्या चरबीचा मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, कपड्यावरून नाही. श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. समोर कोणी परीक्षक बसलेला नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. माझा पहिला आकडा ९३ होता. तो मी दोनदा मोजला, मग टेपच ताणली गेली असेल असं म्हणून शेजारच्यांची टेप आणली. तिच्यावरही ९३च आला.

दुसरं बीपी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता बसायचं. हात छातीच्या उंचीवर. दोनदा मोजायचं. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

तिसरी साखर. उपाशीपोटीची १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ आणि वर म्हणजे मधुमेहाची शंका. एचबीए१सी ही तपासणी उपाशी न राहताही होते आणि मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी दाखवते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. मला काही होत नाही मग कशाला तपासायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी, तर उंबरठ्यावरचे सुमारे १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज निघाला. उंबरठ्यावरच्या माणसाला सहसा काहीच जाणवत नाही, म्हणून तर तपासायचं. त्यासाठी महागडं पॅकेज घ्यायची गरज नाही. वय ३० च्या पुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासून मिळते.

हे आकडे कालनिर्णयाच्या जानेवारीच्या पानामागे लिहा. मोबाइलमध्ये नको, तिथं ते लग्नाच्या फोटोंखाली गाडले जातात.

आणखी एक. चालताना छातीत दुखत असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, हृदयाचा आजार असेल, गरोदर असाल किंवा मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम किंवा जेवणातला कुठलाही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच. विशेषतः 'दोनच वेळा जेवायचं' वगैरे प्रकार गोळ्या चालू असताना परस्पर सुरू केले, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. उपासाचंही तेच. आणि आपला उपास म्हणजे एकादशी, दुप्पट खाशी; साबुदाण्याच्या खिचडीने आणि बटाट्याच्या पापडाने कोणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही.

पायरी २: एकच धरा, आणि ते हातापायांनी करता येईल असं धरा

'दहा किलो कमी करणार.' बरं, मंगळवारी सकाळी साडेसहाला यातलं नेमकं काय करायचं? उत्तर नाही, कारण दहा किलो हा निकाल आहे. निकाल आपल्या हातात नसतो, अभ्यास असतो. वजन तर पाणी प्यायल्यावर, पाळीच्या दिवसांत, लोणचं-पापड जास्त झाल्यावरही एक-दीड किलोने हलतं. रोज काट्यावर चढून त्या हेलकाव्यांवर मूड ठरवणं म्हणजे स्वतःच्या मागे लावून घेतलेला ससेमिरा.

चेन्नईला झालेला एक अभ्यास मला या बाबतीत फार आवडतो. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ५३१ लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. एका गटाला साधा सल्ला होता: रोज अर्धा तास भरभर चाला, साखर आणि मैदा कमी करा, तळकट कमी करा. तीन वर्षांत त्या गटातलं मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी निघालं. गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं फुकट गेलं, असं समजू नका.

वजन मुळीच बघू नका असंही नाही. अमेरिकेतल्या अशाच एका मोठ्या अभ्यासात, २००२ साली, लोकांना वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं, आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७४ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो, आणि तेही सहा महिन्यांत. म्हणजे महिन्याला किलोही नाही. 'पंधरा दिवसांत आठ किलो'च्या जाहिरातीपुढे हे मिळमिळीत वाटतं, याला माझा इलाज नाही.

तर निवड अशी करा. आठवडाभर, काहीही न बदलता, फक्त टिपून ठेवा: किती चाललात, किती कप चहा, त्यात किती साखर, बाहेरचं किती वेळा, झोपलात कधी, उठलात कधी. सातव्या दिवशी कागद बघितला की कुठे गळती आहे ते आपोआप दिसतं. माझ्या कागदावर शेअर रिक्षा सलग दहा वेळा होती, पाच दिवस जाताना आणि पाच दिवस येताना. माझ्या नणंदेच्या कागदावर रात्रीचे दीड, पावणेदोन. ती मालिका संपवून झोपते. तिने चालण्याचा संकल्प करून उपयोग नाही. सकाळी उठवणारच नाही, चालणार कुठून? तिचं ध्येय 'मोबाइल साडेअकराला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला'. मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच. ज्याचं तिथंच खोबरं झालंय त्याने आधी तेच निस्तरावं.

तंबाखू, मशेरी, सिगारेट यांतलं काही असेल, तर बाकी सगळे संकल्प मागे ठेवा. हेच पहिलं. इथं 'हळूहळू'पेक्षा सोडण्याची तारीख ठरवलेली बरी. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा नंबर खरंच चालतो, तो लावा.

पायरी ३: चालणं ठरवत असाल तर

नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथंच येतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात 'दहा हजार पावलं' बसलेली असतात. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याच्या नावाचा अर्थच होता 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा गोल होता, खपला. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क बायकांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं, की दिवसाला २,७०० पावलांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तेव्हा आज तीन हजार चालत असाल तर चार हजारांचं ध्येय धरा. दहा हजार आकड्यापायी पहिल्या रविवारी टाचा दुखवून घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालता चालता बोलता येतंय, पण अभंग म्हणता येत नाही, एवढा वेग. भाजी बघत, ओळखीच्यांशी थांबत मारलेली फेरी यात येत नाही. ती मारा, जिवाला बरं वाटतं, पण हिशोबात धरू नका.

माझं गणित असं बसलं. घर ते स्टेशन दीड किलोमीटरच्या आत, भरभर चालत अठरा मिनिटं. सकाळची गाडी चुकवून चालणार नाही, घामेजून फलाटावर जायचीही तयारी नव्हती; म्हणून फक्त संध्याकाळी येताना चालायचं. पाच दिवस, नव्वद मिनिटं. दीडशे झाली नाहीत. नाही झाली तर नाही झाली, शून्यावरून नव्वदवर आले होते. सकाळचे दोन दिवस त्यात मिळवले ते पुढच्या वर्षी, पिशवीत चपलांऐवजी बूट घालून जायचा संकोच गेल्यावर.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम हवं, हे मात्र बहुतेक सगळे विसरतात. चाळिशीनंतर स्नायू झिजायला लागतात. जिमच लागते असं नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून मारलेले दंड, दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्या. सूर्यनमस्कार येत असतील तर सोन्याहून पिवळं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार केला, तो काही उगाच नाही. पण १०८ च्या स्पर्धेत उतरू नका. तीन घाला, नीट घाला. गुडघे-पाठ दुखत असेल तर कोणाकडून तरी समोर उभं राहून शिकून घ्या.

पायरी ४: स्वयंपाकघरातलं ध्येय

'तेलकट कमी खायचं' हे ध्येय नाही, ती इच्छा झाली. ध्येयाला मोजमाप लागतं. तेलाचं मोजमाप मी असं केलं.

पाच लिटरचा कॅन आणला की झाकणाखाली मार्करने फोडल्याची तारीख लिहायची, बस. दोन जूनला फोडलेला कॅन दोन जुलैला संपला. तीस दिवस, घरात चार माणसं. म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४२ मिली, तीन मोठे चमचे भरायला आले. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या २,००० उष्मांकांचं जे ताट आखून दिलंय, त्यात तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम आहे. मिलीत सांगायचं तर तिसाच्या आसपास. उलटा हिशोब केला तर आमच्या घरात तोच कॅन चाळीस दिवस पुरला पाहिजे. झालं ध्येय तयार: तीसचे चाळीस. उष्मांक मोजायचे नाहीत, वही नको, ॲप नको.

मग कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद झालं. तेल बाटलीत, बाटलीतून चमच्याने फोडणीला. वांग्याचे काप आधी चार चमचे तेलात परतायचे, ते आता झाकण ठेवून वाफेवर दोन चमच्यांत होतात. पुऱ्या सणाला. आमची मजल सदतीस दिवसांपर्यंत गेली, चाळीस अजून झालेले नाहीत. (शेंगदाण्याचं कूट यात धरलेलं नाही. ते धरलं तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत.)

चहाची साखर त्याहून सोपी. एका कपात दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि आपण नुसत्या चहातच ती रेघ ओलांडून बसलेलो असतो. एकदम बिनसाखरेचा चहा करायला जाऊ नका. तिसऱ्या दिवशी चिडून तीन चमचे घालाल. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा. फेब्रुवारी संपेपर्यंत दोनाचा एक होतो, आणि जिभेला पत्ताही लागत नाही. ऑफिसातल्या मशीनचा चहा बहुधा गोडच येतो, तिथं चमचा आपल्या हातात नाही, म्हणून तिथले कप कमी करायचे.

मिठाचं थोडक्यात: दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा. भाजीतलं मीठ सगळ्यांना दिसतं, पापड-लोणचं-फरसाणातलं दिसत नाही. बीपी असेल तर आधी ताटाची डावी बाजू तपासा.

भाज्या-फळांना विसरू नका, पण त्यासाठी परदेशी बिया आणि पावडरी विकत घ्यायची गरज नाही. जानेवारीत मंडईत गाजर, मटार, मेथी, पावटा, हरभरा, पेरू, बोरं यांची रेलचेल असते. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी हे वर्षातल्या उत्तम जेवणांपैकी एक आहे, ते एकच दिवस का करतात कोण जाणे.

पायरी ५: ध्येय कशाला तरी बांधा

'वेळ मिळाला की चालेन' म्हटलं की चालणं राहिलंच. जी गोष्ट रोज न चुकता होते, तिच्या शेपटीला नवी गोष्ट बांधायची. गाडीतून उतरले की रिक्षाच्या रांगेकडे न वळता डावीकडे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीतल्या उठबशा. रात्री ओटा पुसून झाला की मोबाइल बाहेर. कागदावर हे वाक्य पुरं लिहा: 'अमुक झालं की मी तमुक करणार.' वाक्य पुरं होत नसेल तर ध्येय अजून कच्चं आहे.

मग जानेवारीचं पान उघडा आणि अडचणी आधीच लिहून टाका. एक तारखेला सगळे उत्साही असतात. चौदा-पंधराला संक्रांत, त्यानंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं, मध्येच कोणाच्या तरी शेतावर हुरडा, आणि लग्नं. या दिवसांत काय करायचं ते आज ठरवा, तिथं पोचल्यावर नव्हे. मी हळदीकुंकवाला पर्समध्ये एक छोटी डबी नेते. तिळगूळ प्रत्येक घरी घ्यायचा, तिथं चिमूटभर तोंडात टाकायचा, बाकीचा डबीत. कोणाचं मन मोडत नाही. घरी आल्यावर डबी मुलाला. हुरड्याच्या दिवशी काहीच नियम नाही, तो दिवस मी सरळ खाडा धरते.

पायरी ६: खाडे

आता मुख्य गोष्ट. महिन्याला किती खाडे चालतील ते आधी लिहा. रोजची गोष्ट असेल तर मी पाच देते. आठवड्यातून पाच दिवसांची असेल तर तीन. केलं त्या दिवशी तारखेच्या चौकोनात टिंब. नाही केलं तर 'खाडा' आणि त्यापुढे एक अक्षर: 'आ' म्हणजे आजारपण, 'पा' पाहुणे, 'उ' उशीर, 'कं' कंटाळा.

ही अक्षरंच खरी कामाची. महिनाअखेरीला नुसते खाडे मोजू नका, अक्षरं बघा. 'उ' जास्त असतील तर वेळ चुकीची धरली आहे, ती बदला. 'पा' जास्त असतील तर तुमचं घर चांगलं आहे, पण पाहुण्यांसमोरही करता येईल असं काहीतरी निवडा. 'कं' जास्त असतील तर ती गोष्टच तुमची नव्हे. चालण्याऐवजी बॅडमिंटन बघा, भजनी मंडळात पावली खेळा, पोहायला जा. माझ्या पहिल्या फेब्रुवारीत सात खाडे होते, त्यातले सहा 'उ', आणि ते सगळे मंगळवार-गुरुवारचे. त्या दिवशी मुलाचा क्लास सुटतो आणि मला रिक्षाने पळावंच लागतं. चूक आळसाची नव्हती, वेळापत्रकाची होती. ते दोन दिवस काढले आणि शनिवार-रविवार घातले.

व्हॉट्सॲपवर फिरतं त्याप्रमाणे एकवीस दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांना एकेक नवी गोष्ट रोज करायला लावली होती, कोणी जेवणाबरोबर फळ, कोणी जेवणाआधी पळणं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही, असंही त्यांना दिसलं. म्हणजे आपला खाडा शास्त्राला मंजूर आहे. १ जानेवारीपासून सासष्टावा दिवस येतो ७ मार्चला. तोवर 'अजून अंगात का मुरत नाही' हा प्रश्न विचारायचाच नाही.

पायरी ७: कोणाला सांगायचं, कोणाला नाही

सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करू नका. अंगठे मिळतात आणि अर्धं समाधान तिथंच होऊन जातं. उरलेलं, दोन आठवड्यांनी 'काय, चालणं थांबलं वाटतं?' विचारणारे काका संपवतात. जो स्वयंपाक करतो आणि जो भाजी आणतो, त्यांना मात्र सांगावंच लागतं. तेल कमी करायचं मी ठरवलं आणि भजी तळायची नवऱ्याने ठरवली, तर कॅन चाळीस दिवस पुरणार नाही.

आणि विकत काही घेऊ नका. निदान पहिले दोन महिने. बूट सोडून. शरीर 'आतून साफ' करणारे काढे, पट्टे, चहा यांवर पैसे घालवू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकट करतात.

पायरी ८: पाडव्याला आढावा

आपल्याला वर्षात दोन नवी वर्षं मिळतात, याचा फायदा घ्या. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणजे सुरुवातीनंतर साधारण तीन महिन्यांनी. पोटाचा घेर, वजन, बीपी परत बघायला तो बरोबर काळ आहे. साखर उंबरठ्यावर असेल तर एचबीए१सीही तेव्हाच. महिन्याभरात परत करून काही हाती लागत नाही.

खाडे ठरल्यापेक्षा कमी असतील तर ध्येय थोडं वाढवा किंवा दुसरं एक जोडा, दोन्ही एकदम नको. निम्म्याहून जास्त दिवस खाडे असतील तर ध्येय निम्मं करा, मोडू नका. अठरा मिनिटं जमत नसतील तर नऊ चाला आणि अर्ध्या वाटेत रिक्षा धरा. माझा घेर पहिल्या पाडव्याला ९१ झाला होता, दुसऱ्याला ८८, आणि आता दीड वर्षं तिथंच ठाण मांडून बसलाय. डॉक्टर म्हणाल्या, बीपी उतरलंय, चालत राहा. मी चालत राहते.

यंदाच्या जानेवारीच्या पानावर माझ्या दोन ओळी लिहून झाल्या आहेत: 'गाडीतून उतरले की डावीकडे, खाडे ३' आणि 'कॅन फोडला ५ तारीख'. काल सासूबाईंनी दुधाच्या रकान्याशेजारी पेनाने आणखी एक रकाना आखून घेतला. वय वर्षं ७४. संध्याकाळी दिवा लावला की खुर्चीतून पाच वेळा उठायचं, हात टेकला तरी चालेल. खाडे किती ठेवायचे विचारलं तर म्हणाल्या, "चार धर. आणि दूधवाल्यासारखे पैसे कापणार असशील तर आत्ताच सांग."